टेकडीवरून उतरलेली पुस्तकं

१९ मार्च
चहाच्या मळ्याची कादंबरी मोहाची फुलं वेचता वेचता ऐकून संपवली. इअरफोन एकाच कानात, दुसरा कान अस्वलासाठी मोकळा. नायक मळ्याचा मालक. अर्धं पुस्तक होईस्तोवर नुसता खिडकीत उभा राहून सुस्कारे सोडते. याले काही कामधंदा आहे का नाई? पण वाचणाऱ्या बाईचा आवाज असा की शेवटी रडू आलंच. रडली, मग स्वतःवरच चिडली.

बा.नं सकाळी पुन्हा तोच विषय काढला. मोह संपला की पंडुम, आन् सणाले सगळा गाव बसला की माझं नि दलसूचं पक्कं करायचं. दलसू आमच्या घरी लमझना म्हून राह्यला. लग्नाआधी सासऱ्याच्या शेतात राबून दाखवायचं, आमची रीतच आहे. राबला. बा. खूश, माय खूश. मले पंडुमात विचारतील म्हणे, सगळ्यायसमोर. तिथं कोण नाई म्हणते?

२० मार्च
नवीन पुस्तक सुरू. मोठ्या घरचा पोरगा नायिकेच्या घरी ड्रायव्हर बनून राह्यते. वाचणारा बाप्या नाकात बोलते, प्रेमाचं वाक्य आलं की सर्दी झाल्यासारखं वाटते.

शबानाचा मागच्या खेपेचा निरोप पुन्हा ऐकला. शाळेत असताना सावली गावच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. आता ती तिथंच कपडे शिवते, मशीन चालवत पुस्तकं ऐकते, आन् कोणतं कसं वाटलं ते आम्ही एकमेकीले बोलून पाठवतो. म्हणे, "ड्रायव्हरवालं ऐक. तुह्या घरी तं असा एक आहेच की."

मी पण ठोकून दिलं. "आमचा काय नायक आहे का? बैल आहे. सकाळी जुपा, संध्याकाळी सोडा. दोन शब्द बोलत नाई. असल्यासंगं जन्म कसा काढतेत, सांग."

बोलून ठेवलं. फोन टेकडीवर गेला की आपोआप जाईल.

२२ मार्च
फोन आले. या खेपेले टेकडीवर दलसू गेल्ता.

गावात नेटवर्क नाई, म्हून कोणीतरी एकजण सगळ्यायचे फोन थैलीत घालून टेकडीवर नेते. निरोप जातात, येतात, माझी पुस्तकं फोनात उतरतात. कोणीच फोनले लॉक ठेवत नाई, नाईतर नेणाऱ्यानं तिथं करावं काय? याचा मी कधी विचारच केला नाई.

शबानाचं उत्तर आलेलं. मी अजून ऐकलं नोतं आन् त्या निरोपाजवळचा माईक निळा झालेला. म्हणजे कोणीतरी वाजवलं.

मग मी ऐकलं. "बैल म्हणतेस तं बापाले सांगून टाक ना. त्या बिचाऱ्याले कायले लटकवून राह्यली?"

फोन नेला दलसूनं, म्हणजे वाजवलं बी त्यानंच. आन् माझं बोलणं त्याच्याच वर आहे.

२४ मार्च
काहीच नाई. द. उठते, मोहावर जाते, जेवते, ताट धुऊन ठेवते. चेहऱ्यावर काही नाई. मी मात्र त्याच्या ताटात भाजी वाढताना खाली पाहते.

टेकडीवर सरपणाले आलेले पोट्टे पण होते. त्यायनं पण ऐकलं असल तर? गावभर होईल. बा.च्या कानावर जाईल. द. आजच सामान बांधल का?

माय म्हणे, "काऊन वं, जेवत काऊन नाई?" म्हटलं पित्त झालं.

मन लागत नोतं म्हून एक डॉक्टरवाली कादंबरी लावली. नायक दाराआडून अर्धवट काहीतरी ऐकते, गैरसमज करून घेते आन् सरळ परदेशात निघून जाते. एरवी मी अशा जागी बोंबलते, अरे एकदा विचार ना तिले! आज बंद केलं. त्या नायकानं निदान चुकीचं ऐकलं होतं. इथं जे म्हटलं तेच ऐकलं गेलं.

२७ मार्च
बा.नं द.च्या काकाले निरोप धाडला, पंडुमाले या म्हून. शबानाले सांगावं तं फोन टेकडीवर जायले अजून वेळ आहे. आन् आता कोणाच्या हाती देऊ?

२९ मार्च
आज तो स्वतःच बोलला. मोहाखाली मी वेचत होती, तो माझ्याच झाडाखाली येऊन बसला. म्हणे, "त्या मळेवाल्याचं शेवटी काय झालं?"

म्हटलं, तू कुठी ऐकलं?

"पुस्तक उतरलं का नाई पाहाले लावतो ना टेकडीवर. मंग ऐकत बसतो. गेलो की दरवेळी." एक फूल उचलून टोपलीत टाकलं. "मळेवाला काही खरा नाई. पाऊस आला तं तोडलेली पत्ती झाकाले पायजे होती. हा तिचे डोळे पाहत बसला."

भीतीनं जीव अर्धा झाला होता तरी मले हसू फुटलं. तो पण हसला. त्याचे दात मी असे पाह्यलेच नोते.

मग म्हणे, "तुहं बोलणं बी ऐकलं. मैत्रिणीचं बी. पोट्टे दूर होते, त्यायनं नाई ऐकलं."

चुकलं माझं, म्हटलं.

"बैल म्हटलं ते बराबर आहे. बैलाले कोण विचारते, कोणाच्या घरी जातो का म्हून? काकानं आणून सोडलं. मले बी कोणी नाई विचारलं."

टोपली उचलून गेला.

३० मार्च
दिवसभर तेच डोक्यात. इतके दिवस मी धरूनच चालली की होय का नाई हे माझ्या हातात, आन् तो तं तयार बसलाच आहे. पुस्तकात असंच असते ना. बाप्या पहिल्या पानापासून हिच्यासाठी झुरते, बाई तेवढी मागंपुढं करते. मले स्वतःचीच शरम वाटली. आन् दुसरंही वाटलं, ते लिहायचं कसं. त्यानं नाई म्हटलं तर मले चालणार नाई. दहा दिवसांपूर्वी हेच मागत होती मी.

२ एप्रिल
विचारलं. अंगणात मोह वाळत होता, तो हातानं पसरून राह्यला होता. माय पाण्याले गेलेली. म्हटलं, "दलसू, रीत सोड, बा.ले सोड. तुले मी पसंत आहे का?"

तो पसरतच राह्यला. फुलं एका थराची झाली तरी हात फिरवत होता.

"सांगतो," म्हणे. "विचार करून राह्यलो."

"पंडुमाच्या आधी सांगशील?"

"गावाले जाऊन येतो."

५ एप्रिल
द. गेला. नदीपलीकडे त्याचं गाव, तिथं पण फोन लागत नाई. पंडुम तोंडावर आला. बा. सणाची ताडी कोणाकडून आणायची ते बोलून राह्यले, माय म्हणते, येईल ना तो, कुठी जाते. मी त्यायले काहीच सांगितलं नाई. काय सांगू? की मी विचारलं आन् तो थांब म्हणाला?

नवीन एक उतरलेलं आहे, लावलंच नाई. एवढी ऐकली, पण बाईनं विचारलं आन् बाप्या विचार करतो म्हून निघून गेला, असं एकातही नोतं. अशा वेळी बाईनं काय करायचं असते ते कोणाले विचारू? सकाळपासून तीनदा रस्त्याकडं पाहून आली. माय हसते, म्हणते, एवढं काय पाहतेस, सरपण संपलं आहे, ते आण.