आनंदाचा दुसरा भाग

१७ डिसेंबर १९५३, गुरुवार

कालपासून मार्गळी, म्हणजे इथला तमिळ धनुर्मास, लागला. महिनाभर मुली बघणं बंद. म्हणजे मला सुधारायला अख्खा महिना मोकळा.

माझ्या मुलीचं, मंगलाचं, स्थळ मोडल्याचं खापर सगळे माझ्यावर फोडतात. खरा दोषी तो जर्मन फिलॉसॉफर. दिवाळीच्या सुटीत एका रिटायर्ड मुनसफांकडून त्याचा ग्रंथ आणला. इच्छा म्हणजे दुःख, इच्छा पुरी झाली की कंटाळा, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे जन्मालाच न येणं. मला तत्काळ पटलं. शाळेत हिस्टरी शिकवणाऱ्या माणसाला हे पटतंच.

त्याच आठवड्यात मायावरमचे लोक मंगलाला बघायला आले. गोड सोज्जी आणि भजी खाऊन उठले, जाऊन येतो म्हणाले. आमच्याकडे अशा वेळी ‘जाऊन या’ म्हणतात. मी विचारात होतो. नुसतंच ‘जा’ म्हणालो. वर, सगळ्यांनाच एक दिवस जायचं आहे, अशी पुस्तीही जोडली. मुलाची आजी ओसरीवरच मटकन बसली.

मार्गळी संपली की आडुतुरैचे लोक येणार. मुलगा सेतू, तिथल्या भाताच्या रिसर्च स्टेशनात नोकरीला. फोटो बघून मंगला स्वयंपाकघरात पळाली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. म्हणजे पसंत. गंगाबाईने बजावलंय की हे स्थळ तुमच्या तोंडामुळे मोडलं, तर मी माहेरी तंजावरला जाऊन बसेन. हे स्थळ मोडता कामा नये. एकच पोर आहे माझी.

ठराव: उन्नत करणारं तत्त्वज्ञान वाचणे. मुलाकडचे येईपर्यंत मन प्रसन्न करणे. काट्याने काटा काढतात, तसा ग्रंथाने ग्रंथ.

२० डिसेंबर

ड्रिल मास्तर गुरुमूर्तींनी अमेरिकन पुस्तक दिलं. सोपं आहे. पहाटे आरशासमोर उभं राहून मोठ्याने हसायचं, की दिवसभर आनंद आपोआप झिरपतो. जर्मन माणसाला आरसा परवडत नसावा.

२१ डिसेंबर, पहाटे

हसलो. नेमकी तेव्हाच भजनमंडळी गल्लीतून चालली होती. त्यांचा मृदंग थांबला. गंगाबाई दारात रांगोळी काढत होती. त्यांनी तिला विचारलं की घरात कोणाला बरं नाही का. तिने काय उत्तर दिलं ते मला सांगत नाही.

२३ डिसेंबर

पुस्तकात लिहिल्याप्रमाणे भेटेल त्याला स्माइल देण्याचा प्रयोग. हेडमास्तरांच्या घरीही दिलं. त्यांचे सासरे काल वारले, हे मला माहीत होतं. पण पुस्तकात अपवाद दिलेला नाही. लेखकाची चूक.

अमेरिकन तत्त्वज्ञान आपल्या हवेला मानवत नाही. बंद.

२ जानेवारी १९५४, शनिवार

पुण्याहून व्ही.पी.ने मराठी ग्रंथ आला. विषय आनंद. मातृभाषेतला आनंद तो मातृभाषेतला! गंगाबाईला पहिलं पान वाचून दाखवलं. ही कुठली भाषा म्हणाली. मराठी, म्हणालो. तिचं म्हणणं, आपण घरात बोलतो ती मराठी. ही पुण्याच्या लोकांची काहीतरी वेगळीच. गेली अडीचशे वर्षं आम्ही इथे कावेरीकाठी राहतो, पुण्याच्या लोकांनी मधल्या काळात काय काय बदललं ते कळवलं नाही.

तरी वाचणार. कठीण शब्द ओलांडून जातो. बरेच ओलांडावे लागतात.

९ जानेवारी

फसवणूक. लेखक म्हणतो, आनंद समजायला आधी दुःखाचा पाया घातला पाहिजे. रोग, वार्धक्य, भावकीची भांडणं, दात. दातांवर एक अख्खं प्रकरण. शेवटच्या पानावर छापलंय: आनंदाचा विचार दुसऱ्या भागात.

आता माझ्याकडे जर्मन दुःख अधिक पुण्याचं दुःख. डावीकडची दाढही ठणकू लागली. दुसऱ्या भागासाठी पुण्याला तातडीचं कार्ड टाकलं.

१५ जानेवारी

काल पोंगल झाला, मार्गळी संपली. पुण्याचं उत्तर नाही. देवळाबाहेर एका स्वामींची तमिळ पुस्तिका मिळाली. पातळ आहे, हा मोठा गुण. सर्वांत प्रिय वस्तू सोडा, संध्याकाळपर्यंत आनंद. प्रिय वस्तू म्हणजे कॉफी. सोडली.

दुपारी

डोकं फुटायला आलंय. स्वयंपाकघरातून फिल्टरमध्ये कॉफी ठिबकल्याचा आवाज येतो. गंगाबाई मुद्दाम हळू ठिबकवते.

संध्याकाळी

मंगलावर ओरडलो. कारण आठवत नाही. थोड्या वेळाने तीच कॉफीचा टंबलर-डबरा माझ्यासमोर ठेवून गेली. प्यायलो. लगेच आनंद झाला. म्हणजे स्वामींचं तत्त्व बरोबर आहे, फक्त सोडलेली वस्तू परत घ्यावी लागते. ही दुरुस्ती त्यांना कळवणार.

२३ जानेवारी, शनिवार

उद्या आडुतुरैचे लोक येणार. आज पुण्याचं उत्तर आलं. दुसरा भाग अजून लिहिलाच नाही. लेखकाची प्रकृती खिन्न असते.

मी हताश झालो होतो, पण गंगाबाईच मदतीला आली. इतक्या महिन्यांनी हिला माझ्या अभ्यासाची किंमत कळली! साक्कोट्टैला जानकीराम नावाचे वृद्ध गृहस्थ आहेत, म्हणे, त्यांच्याकडे आनंदावर खात्रीचा ग्रंथ आहे, पण ते फक्त रविवारी दुपारी देतात. पाहुण्यांचं काय, म्हणालो. तोवर परत याल, आणि माझा भाऊ व्यंकटेश बघून घेईल, म्हणाली. पाहुणे येण्याआधी ग्रंथ हातात हवा, हे तिने बरोबर ओळखलं.

२४ जानेवारी, रात्री

साक्कोट्टैला जानकीराम कुणालाच माहीत नाहीत. देवळाच्या पुजाऱ्यांनी तीन जानकीराम दाखवले. एक तान्हा, एक बहिरा, एक न्हावी. ग्रंथ कोणाकडेच नाही. देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. चिंचेच्या सावलीत डोळा लागला. परत आलो तर पाहुणे निघून गेलेले.

स्थळ जमलं! घरी जाऊन कळवतो असं म्हणायची रीत. ती मोडून मुलाच्या वडिलांनी, चंद्रमौलीरावांनी, इथेच होकार दिला. मुलीचे वडील कुठे, असं त्यांनी विचारलं होतं. मुलीसाठी नवस केलाय, साक्कोट्टैच्या शिवाला गेलेत, असं व्यंकटेशने सांगितलं. ते म्हणाले, असा बाप बघायला मिळत नाही.

माझा विचार असा: मी पायरीवर प्रसन्न बसलो, त्याचे तरंग इथवर पोचले. गंगाबाईला हे समजावलं. ती हो हो म्हणाली, आणि उरलेली सगळी भजी मला वाढली.

३ मार्च

लग्न परवा. मुलीला निरोप देताना काय बोलायचं ते चारही ग्रंथांमधून निवडून तयार केलं. वियोग हा भास, प्रेम हे नित्य वगैरे. शेवटी ‘जाऊन ये.’ गंगाबाईने फक्त शेवटचे दोन शब्द पाठ करायला सांगितलं. मला कमी लेखते.

७ मार्च, रविवार

मुलाकडच्यांबरोबर मंगला गेली. सगळे स्टेशनवर. चंद्रमौलीराव आदराने बाजूला झाले. नवस करणारा बाप काय बोलतो ते ऐकायचं होतं त्यांना. मंगला पाया पडली. जाऊन येते अण्णा, म्हणाली.

वियोग आठवला नाही. नित्य आठवलं नाही. ते दोन शब्दही आठवले नाहीत. ‘जाऊ नको’ म्हणालो. परत म्हणालो. मग तिचा हात धरला तो गार्डने शिटी दिली तरी सुटेना. सेतू घाबरला. व्यंकटेशने माझी बोटं सोडवली.

आडुतुरै तिसरं स्टेशन आहे. तिथल्या बैलगाड्या रोज आमच्या बाजारात येतात.

घरी आल्यावर गंगाबाईने सवयीने तीन टंबलर काढले. मग एक परत ठेवला. मी खुर्चीत बसून सगळी पुस्तकं चाळली. मुली सासरी जातात त्याबद्दल एकातही काही नाही.

जर्मन माणसाला मुलगी नसावी.