डोंगरावर सापडलेलं गाव

बाई, आपलं गाव मला या उन्हाळ्यात डोंगरावर सापडलं. तुम्ही असतात तर हातातलं काम थांबवून चष्म्यावरून बघितलं असतंत आणि विचारलं असतंत, "कोणता डोंगरवर व?" चिडलात किंवा नवल वाटलं की तुमच्या तोंडून धुळ्याकडची अहिराणी यायची, आणि आम्ही रावेरकडची पोरं 'आहे'च्या जागी 'शे' ऐकलं की दप्तरात तोंड खुपसून हसायचो. एरवी तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात. बदलीवर आलेल्या, उद्या-परवा जाणाऱ्या, तरी 'तुमचं गाव' असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. आपलं गाव, आपला सातपुडा, आपली तापी. म्हणून मीही तसंच लिहिते.

मी आता काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. पुण्यात एका संस्थेत बसून मी संगणकावर खान्देशाचं हवामान चालवते. आम्ही 'चालवते' हाच शब्द वापरतो, पिठाची गिरणी चालवावी तसा. सगळ्या पृथ्वीचं हवामान मांडणारी मोठी मॉडेलं असतात, पण त्यांच्या नकाशाचे चौकोन एवढे मोठे की जळगाव आणि धुळे एकाच चौकोनात मावावेत, दोघांना एकच ऊन आणि एकच वारा. म्हणून त्यांच्या पोटात आम्ही लहान चौकोनांचं, फक्त आपल्या भागाचं मॉडेल बसवतो. कडेनं मोठ्या मॉडेलचा वारा आणि ओल आत येऊ द्यायची, आणि आत काय घडतं ते संगणकाला गणितं करून काढू द्यायचं. आधी होऊन गेलेल्या वर्षांचं हवामान काढून ते प्रत्यक्ष नोंदींशी जुळतं का बघायचं. जुळलं, तर पुढच्या वर्षांचं विचारायचं. आबांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हन्जे पंचांगच." माय चुलीपासून म्हणाली, "पंचांगाले लाईट लागत नाही." घरात सही करता येणारी मी पहिली. माझ्या कामाची एवढीच परीक्षा घरी होते, आणि ती दर वेळी मला अवघड जाते.

यंदा काम आपल्याच भागाचं होतं. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीला येणारे उन्हाळे कसे जातील, ते सांगायचं. आबांची मृगबाग तुम्हाला आठवते. मृगात लावलेल्या केळीचे घड ऐन वैशाखात झाडावर असतात, आणि उन्हाच्या झळांनी निसटून खाली पडतात. कांदेबाग उशिरा लागते, तिचं झाड त्या वेळी अजून निसवलेलंही नसतं, घड बाहेरच आलेला नसतो, म्हणून ती त्या तडाख्यातून वाचते, पण तिला थंडी सोसावी लागते. मृगबाग धरावी की सोडावी हा आपल्या गावाचा प्रश्न, आणि माझ्या नकाशात आपल्या गावाचा चौकोन छान सौम्य पिवळा आला होता. आजूबाजूचं सगळं लालभडक आणि आपलं गाव पिवळं. म्हणजे मृगबाग खुशाल लावा. होऊन गेलेल्या उन्हाळ्यांच्या नोंदींशी हा चौकोन असा काही जुळत होता की आमच्या संस्थेतल्या सरांनी तो भाग पडद्यावर मोठा करून सगळ्यांना दाखवला. मला आनंद व्हायला हवा होता. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी अजूनही जिन्यावरून परत वर जाते. तशीच परत गेले, आणि मॉडेलला आपल्या गावाची उंची किती वाटते ते उघडून बघितलं.

चौकोनाचा अर्धा भाग सातपुड्यावर पडत होता आणि अर्धा खाली मळ्यांवर. मॉडेलनं दोघांची सरासरी काढून गाव अर्ध्या डोंगरावर नेऊन ठेवलं होतं, म्हणून तिथं गार वाटत होतं. आणि जमिनीच्या नकाशात आपल्या केळीच्या बागा नव्हत्याच. उन्हाळ्यात पाणी पिणारं, हिरवंगार रान त्याला माहीत नव्हतं, त्याच्या लेखी तिथं कोरडं, उघडं शेत होतं, म्हणून तिथं तापत होतं. एक चूक गार करणारी, एक तापवणारी. दोन्ही एकमेकींना खाऊन बसल्या होत्या आणि वर उत्तर बरोबर दिसत होतं.

बाई, त्या क्षणी मी पुण्यात नव्हते. मी शाळेच्या मागच्या अंगणात उकिडवी बसले आहे आणि माझे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले आहेत. तुम्ही आम्हाला मातीचा खान्देश करायला लावला आहे. उत्तरेला सातपुडा, मधून तापी, पश्चिमेला समुद्र म्हणून तुमच्या खोलीवरची परात. प्रत्येकानं आपापल्या गावाचा खडा ठेवायचा. साहेब शाळा बघायला येणार, आणि माझा सातपुडा खडबडीत, ओबडधोबड दिसतो आहे. मला सुचतं की ओला हात फिरवावा. मी फिरवते, पुन्हा फिरवते, डोंगर कसा तुळतुळीत होतो, आणि मी मान वर करून शाबासकीची वाट बघते. तुम्ही वर उभ्या. "हाऊ सातपुडा शे का भाकर व पोरी?" सगळी पोरं हसतात. तुम्ही हसत नाही. झारी आणता आणि माझ्या डोंगरावर पाणी सोडता. खाचाच नाहीत, तर नाले होणार कुठून? पाणी चादरीसारखं सगळीकडून खाली येतं आणि माझ्या गावाचा खडा उचलून परातीत नेऊन टाकतं. "बघ. तू डोंगर सारवलास, तो पसरून गावावर आला. गाव होतं सपाटीला, तू चढवलंस उतारावर." मग माझ्याशेजारी साडी खोचून बसता, आणि आपण दोघी बोटांनी पुन्हा कडे काढतो, दऱ्या काढतो. साहेब आले तेव्हा आपला सातपुडा अगदी कुरूप दिसत होता. तुम्ही त्यांना तो कौतुकानं दाखवत होतात आणि मी लाजेनं मेले होते.

सरांना मी दोन्ही चुका दाखवल्या. सर वाईट नाहीत, बाई. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाले, "नोंदींशी जुळतंय ना? मग खाजवून खरूज कशाला काढतेस? सगळ्याच मॉडेलांत असं काहीतरी असतं." ते खरंही आहे. शिवाय पुन्हा चालवायचं तर मोठ्या संगणकावर पाळी मिळेपर्यंत लावणीचे दिवस निघून जाणार, गावातली बैठक ठरलेली, आणि माझी नेमणूक पुढं चालू राहायची ती याच अहवालावर. सर एवढंच म्हणाले, "गावात नकाशा दाखव, मथितार्थ सांग. चौकोनाच्या पोटातलं तिथं काढू नकोस. लोकांचा विश्वास उडतो." मी "हो सर" म्हणाले. तुम्हाला माहीत आहे मी 'हो' किती पटकन म्हणते.

बैठकीला जाताना मी मुद्दाम धुळ्यावरून गेले. देवपुरात उतरून तुमच्या घराच्या गल्लीपर्यंत चालत गेले. बारावीला तुम्ही मला त्या घरात ठेवून घेतलंत. निवृत्त होऊन नुकत्याच आला होतात. स्वयंपाकघरात ओट्याखाली माझी पेटी, खिडकीत माझी पुस्तकं, आणि पहिले कितीतरी दिवस मी एका भाकरीवर उठायची, कारण दुसरी मागायला जीभ रेटायची नाही. तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकत म्हणालात, "ताटाकडे बघून जेव. माझ्या तोंडाकडे बघून जेवशील तर उपाशी मरशील." पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही ती झारी माझ्या हातात दिलीत. तुमच्या बाकीच्या विद्यार्थ्यांना पेनं मिळाली होती. मला जरा वाईटच वाटलं. आता ती माझ्या खिडकीत असते, तळ दोनदा सांधून घेतला आहे, आणि तुळशीला मी तिनंच पाणी घालते. तुम्ही गेल्याचं मला पत्रानं कळलं, तेही सगळं उरकल्यावर. परीक्षा चालू होती म्हणून कळवू नका, असं तुम्हीच सांगून ठेवलं होतंत म्हणे. तुमच्या घराला आता निळा रंग आहे. कुणीतरी दारात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी थांबले नाही, पांझरेच्या पुलावर येऊन उभी राहिले, आणि जळगावच्या गाडीत बसेपर्यंत मनात काहीच ठरलेलं नव्हतं.

बैठक गावच्या विकास सोसायटीच्या हॉलमध्ये. पुढच्या रांगेत आबा, धुतलेली टोपी घालून. मी नकाशा लावला. पिवळा चौकोन दिसताच हॉलमध्ये एकदम सैल झाल्यासारखा आवाज झाला, लोक मागं टेकून बसले. आबांनी शेजारच्याच्या मांडीवर थाप मारली. तेवढं मला बघवलं नाही. मी म्हणाले, "हा पिवळा रंग धरू नका. संगणकानं आपलं गाव डोंगरावर धरलंय."

मग मागून एक काका ओरडले, "मंग पोरी, आम्ही आता डोंगरावरल्या भिलाटीत राह्यतो म्हन!" हॉल हसून हसून लोळला. "येवढं शिकली अन् गाव हरपून बसली!" मी हसू ओसरायची वाट बघितली. मग दोन्ही चुका सांगितल्या, मातीच्या डोंगरासारख्या, साध्या. गाव सपाटीला आहे, म्हणजे इथं नकाशात दिसतं त्याहून जास्त तापणार. बागांना पाणी आहे, म्हणून तेवढं तापत नाही. आज जो गारवा आहे तो डोंगराचा नाही, तो तुमच्या पाण्याचा आहे. पाणी खोल गेलं तर तो गारवाही जाईल. किती, ते मला आज सांगता येत नाही. पुन्हा चालवून बघितल्याशिवाय येणार नाही.

आबा उठून उभे राहिले. घरी ते मला नावानं हाक मारतात, पण चार लोकांत पहिल्यांदाच म्हणाले, "म्याडम, मंग औंदा मृगबाग लावू का नको?"

"आबा, मले माहीत नाही."

घरी येताना आम्ही मळ्यावरून आलो. विहिरीजवळ आल्यावर म्हणाले, "येवढ्या लोकांत माहीत नाही म्हनायले जिगर लागते." त्यांनी अर्ध्या रानात मृगबाग लावली, अर्धं रान कांदेबागेसाठी ठेवलं, आणि वाऱ्याच्या बाजूनं झळा अडवायला शेवरीची दाट ओळ पेरली. ते माझ्यामुळे की त्यांच्या मनानं, हे मी विचारलं नाही. सरांना मी सगळं जसंच्या तसं कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: पुढच्या पाळीत नाव घातलं आहे, उंची आणि बागा दुरुस्त करून दे. नेमणुकीबद्दल त्यात काही नाही. रोज सकाळी मी मेल उघडते आणि बघते.

हे पत्र कुठं टाकणार? त्या निळ्या घरातल्या लोकांना बिचाऱ्यांना काय कळायचं? माझ्या टेबलाच्या खणात राहील. आबा सगळ्या गावाला सांगत फिरतात की पोरगी धीट आहे, आणि मी ते खोडत नाही. तुम्हाला मात्र खरं सांगते. मला नोकरीची भीती वाटत होती, लोकांच्या हसण्याचीही. पण सगळे मागं टेकून बसले ना, तेव्हा मला वाटलं, तुम्ही झारी घेऊन माझ्या मागं उभ्या आहात. मला तुमची जास्त भीती वाटली, बाई. एवढंच झालं.