वाढत गेलेले उपास

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी वयाने तुझ्याहून मोठी आहे. तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मान आपोआप खाली जाते. आज लिहायला बसले ती एका ब्लाउजपायी. ते पुढे सांगते, आधी आपलं किन्हवलीकडचं घर आठवू दे.

तू चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायचीस, सुकट भाजायचीस, सगळ्यांना वाढायचीस आणि मग भिंतीला टेकून आमच्याकडे बघत राहायचीस. आधी तुझा फक्त सोमवार होता. मग संकष्टी आली, एकादशी आली, पाठोपाठ गुरुवार. बाबा खळ्यावरून भात झोडून यायचे आणि तुझं ताट दिसत नाही म्हणून विचारायचे, "आज पन उपास काय गो?" तू म्हणायचीस, "गुरवार नाय का आज?" बाबा मान डोलवायचे. त्यांना तुझा केवढा अभिमान! घरात देवाचं एवढं करणारी बाई आहे म्हणून पीक बरं येतं, असं चारचौघांत सांगायचे. उपास सोडायला बसलीस की दोन घास खाऊन तू पोटावर हात ठेवायचीस आणि म्हणायचीस, "झालं, भरलं पोट." दिवसभराच्या उपाशी बाईचं पोट दोन घासांत कसं भरतं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. उपासाचं रताळंसुद्धा तू माझ्या हातावर ठेवायचीस आणि मी हावरट ते सालासकट खायचे.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार मला अजून दिसतो. आळीतल्या बायका आल्या आहेत. काकी तुझी ओटी भरते आणि तुझ्याहून थोरली असून तुझ्या पायांशी वाकते. "तुज्यासारखा उपास कुनाला जमाचा नाय गो," म्हणते. तू उठायला जातेस आणि दाराची चौकट धरतेस. बायकांना वाटतं, भक्तीने भरून आलं. त्या गेल्यावर ओटीतलं ब्लाउजपीस तू मला देतेस, आणि दोरीवरचा आपला जुना ब्लाउज घेऊन त्याच्या दोन्ही बाजू आत घालायला बसतेस. मी सुईत दोरा ओवून देते. याच ब्लाउजसाठी मागेही ओवून दिला होता, म्हणून विचारते, "आये, तुजं पोट दुकतं काय?" तू कडाडतेस, "उपासाच्या दिशी आसलं बोलू नाय! देव आयकतो." देवाचं नाव निघालं की आपल्या घरात सगळेच गप्प.

शेवटी तुला पाणीही ठरेना, तेव्हा बाबांनी जीप करून कल्याणला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कधीपासून कमी झालंय?" बाबा म्हणाले, "कमी नाय साहेब, उपास आसतात तिचे." तेव्हासुद्धा आवाजात थोडा अभिमान होता. डॉक्टर तुझ्याकडे बघत राहिले आणि तू जमिनीकडे. तुला ठाऊक होतं, हे मला तिथे त्या बाकावर कळलं. पोटातली गाठ फार वाढली होती. त्या वर्षीची होळी तू पाहिली नाहीस. त्यानंतर बाबांनी घरात कुणाला उपास म्हणून धरू दिला नाही. एकादशीलासुद्धा स्वतः समोर बसून आम्हाला जेवायला लावायचे.

आता माझं ऐक. मी मुरबाडला दिल्या घरी आले, आणि पुढे आशाताई झाले. वैशाखऱ्याच्या बाजूच्या वाड्यापाड्यांवर फिरते. गेल्या बैठकीत डॉक्टरबाईंनी पोटाचं सगळं समजावलं. भूक मरणं, थोड्या घासांतच पोट टम्म होणं, शौचाची सवय बदलणं, शी काळी किंवा रक्ताची होणं, काही न करता वजन उतरणं. अंगावर काढू नका, तपासायला आणा, म्हणाल्या. मीही पाड्यावर बायकांना गोल बसवून तेच घडाघडा सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "ताई, उपासानं बारीक झालेली कशी वळकाची?" सगळ्या हसल्या. मी घाईने वही मिटली. कारण पावसाळा सरल्यापासून मी गुरुवार धरला आहे, आये. मग सोमवार. मग संकष्टी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आणि तो ब्लाउज. माझी सून घरीच मशीनवर कपडे शिवते, आळीभरच्या बायकांची मापं तिला तोंडपाठ. आज सकाळी माझा ब्लाउज हातात धरून म्हणाली, "आई, हा दिवाळीलाच शिवलेला ना? एवढा कसा सैल झाला? उपास जरा कमी करा ना. टाइमावर जेवत पन नाय तुमी." आणि मी कडाडले, "उपासाच्या दिशी आसलं बोलू नाय!" आवाज तुझा होता. मीच दचकले. ती मशीनवर जाऊन बसली, पण मशीन काही चालू झालं नाही.

इतकी वर्षं मला तुझा राग यायचा. सांगितलं असतंस तर, असं मनात यायचं, आणि तुझ्या फोटोला हार घालताना मी मुद्दाम डोळे वर करत नसे. आता राग उरला नाही, कारण तू काय करत होतीस ते कळलं. उपास म्हटला की न जेवणं आपल्या हातातलं होतं. मग पोटाला कुणी काही विचारत नाही आणि पोटही काही सांगत नाही.

हा कागद तुझ्या फोटोमागे ठेवणार होते. पण नको, तिथे ठेवला की पुन्हा आपल्या दोघींतच राहील. चुलीत घालीन. आत सून माझ्यासाठी वरीचा भात शिजवते आहे, वास येतो आहे आणि मळमळतं आहे. मघाशी ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बराच वेळ उभी होती. आज साधा मंगळवार. आये, आज माझा कसलाच उपास नाही. मला जेवण जात नाही, आणि मला फार भीती वाटते. तुला सांगून झालं. आता उठते, आणि तिने ताट वाढायच्या आत तिलाही हेच सांगते.