पिवळी छत्री घेतलेला मुलगा

मंगळवार, ४ मार्च

आम्हाला गंडवायला बसले होते, त्यांनाच घाम फोडून आलो.

एजन्सी म्हणे! तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक टेबल, कुंडीत प्लास्टिकचं झाड. ताई भिंगरीला मांडीवर घेऊन बसलेली, मी शेजारी. (भिंगरी म्हणजे ताईची मुलगी, साडेचार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव.) टायवाला म्हणाला, चेहरा काय आहे हो मुलीचा, फक्त नोंदणीचे पैसे भरा, फोटोही आमच्याकडूनच काढून घ्या, आणि काय आहे, आजचा शेवटचा दिवस आहे. मागच्या भिंतीवर मुलांचे मोठे मोठे फोटो, फ्रेम करून लावलेले. त्यातल्या एकाकडे बोट करून म्हणाला, "हा याच खुर्चीत बसला होता. आज मोठ्या जाहिरातीत आहे." हातात पिवळी छत्री, पुढचे दोन दात पडलेले, खदाखदा हसणारा मुलगा.

मी विचारलं, कुठली जाहिरात? कोणाला फोन करून खात्री करू? म्हणाला, ते गोपनीय असतं. मी टेबलावर हात आपटला. कुंडी पडली. ताईने कोपराला धरून मला बाहेर काढलं.

जिन्यात म्हणाली, "तुझं कॉलेज का सुटलं ते आज डोळ्यांनी पाहिलं." चार पायऱ्या उतरल्यावर म्हणाली, "पण वाचवलंस रे."

गुरुवार, ६ मार्च

भिंगरीचं काम अधिकृतपणे माझ्याकडे! ताई कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते, तिला कुठला वेळ. गिऱ्हाइकं भिंगरीचा फोटो बघतात आणि हिला जाहिरातीत घाला म्हणतात, म्हणून तिच्या डोक्यात हे शिरलं. सकाळी डबा भरताना म्हणाली, "तुला माणसं ओळखता येतात. तू हो म्हणशील तिथे मी डोळे मिटून सही करीन."

दाजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आधी मेहुण्याला कुठेतरी चिकटवा, मग पोरीला."

मी वहीच्या शेवटच्या पानावर नियम लिहून काढले. कामाआधी पैसे मागेल तो चोर. आजच ठरवा म्हणेल तो चोर. फोटो आमच्याकडूनच काढा म्हणेल तोही चोर. आणि घरच्या माणसाला बाहेर बसवेल तो सगळ्यांचा बाप. ताईला वाचून दाखवले. तिने पान फाडून मागितलं, फ्रिजवर लावायला. दिलं.

शनिवार, १५ मार्च

आज जिथे गेलो ते लोक चोर नाहीत, पण त्यांना काम करता येतं असंही वाटलं नाही.

एक प्रौढ फोटोवाल्या बाई, केस आखूड, चष्मा दोरीला अडकवलेला. दुकानांच्या कपड्यांचे फोटो काढतात. भिंतीवर एक फोटो नाही. भिंगरीला खिडकीपाशी उभं केलं, म्हणाल्या, हस. भिंगरी म्हणाली, "मला हसू आलेलं नाही." बाई म्हणाल्या, "मग नको हसू." दोनदा कॅमेरा वाजला. दाराला पट्टी लावून उंची मोजली, एकशे चार सेंटिमीटर, कार्डावर लिहिली. झालं!

मी विचारलं, पैसे? "तुम्ही कशाला द्यायचे? काम मिळालं तर आम्ही देऊ." मग फोटोंचं पुस्तक? तर म्हणाल्या, "या वयाची मुलं चार महिन्यांत बदलतात. त्यावर खर्च करू नका. कपडे एका मापाचे येतात, त्या मापाचं मूल लागतं, तेव्हा फोन करू. नाहीही करणार कदाचित."

नाहीही करणार कदाचित! भिंगरीसारखी मुलगी समोर उभी असताना! चहासुद्धा विचारला नाही. ताईला सांगितलं, साधं ठिकाण आहे, आपल्याला मोठं बघायचंय.

शुक्रवार, २१ मार्च

तिचा मेसेज आला. तिचा!

शनिवार, २२ मार्च

काल तेवढंच लिहिलं, आज नीट लिहितो.

कॉलेजात ती माझ्या दोन बाकं पुढे बसायची. तिच्या केसांत खोचलेल्या पेन्सिलीकडे बघत मी दीड वर्ष काढलं. प्रयोगशाळेतले सर तिला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या फायली खिडकीबाहेर फेकल्या. माफी मागायला सांगितली, मागितली नाही. दप्तर उचललं आणि निघालो. तिला त्याबद्दल कधी काही म्हणालो नाही. तीही नाही.

आणि आता, भिंगरीचा फोटो मी फोनवर स्टेटसला लावला होता, तो बघून: "ही कोण रे? किती गोड! मी हल्ली मुलांच्या मॉडेलिंग एजन्सीत आहे. घेऊन ये ना."

'रे' म्हणाली. 'ना' म्हणाली.

बुधवार, २६ मार्च

ऑफिस उत्तम. काचेचं दार, खाली गालिचा. ती काउंटरला. केसांत अजूनही पेन्सिल.

भिंतीवर फोटोंची रांग. भिंगरी बोट दाखवून ओरडली, "मामा, दात पडलेला दादा! त्या कुंडीवाल्या काकांकडे होता तो!" खरंच तो, पिवळी छत्री. म्हणजे मुलगा चांगलाच चालतो, सगळ्यांकडचं काम करतो. एक दिवस आमची भिंगरीही अशीच दिसेल इथे.

पैसे भरायचे आहेत, पण हे निराळं. हे खर्चापुरते, तिने सगळं समजावून सांगितलं. फोटो इथेच काढायचे, कारण त्यांचा प्रकाश वेगळा असतो. हेही पटण्यासारखं. म्हणाली, "तुझ्यासाठी मी वर बोलून कमी करून घेतलंय, फक्त आज भर हं, आजचा शेवटचा दिवस आहे." माझ्यासाठी वर बोलली!

संध्याकाळी ताईने फ्रिजवरच्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इथे पैसे आधी मागतायत ना रे?" मी म्हणालो, नियम अनोळखी माणसांसाठी असतात. तिने कपाटातलं पाकीट काढलं. "दाजींना मी नंतर सांगते. तू हो म्हणतोयस ना?"

हो म्हणालो. सही केली तिने. वाचलीसुद्धा नाही.

रविवार, ३० मार्च

फोटो झाले! भिंगरीला लाल फ्रॉक, हातात लाकडी होडी. भिंगरीला आत पाठवताना काउंटरवरून ती म्हणाली, घरचं माणूस असलं की मुलं लाजतात, तू माझ्याजवळ बस. बसलो. पाऊण तास. तिने माझ्या कपात स्वतः साखर घातली. मी फायलींचा विषय काढायचा ठरवलं होतं, काढला नाही. म्हणाली, "तू बदलला नाहीस."

भिंगरी बाहेर आली ती गप्प. रिक्षात म्हणाली, "मामा, तू नव्हतास म्हणून मी खोटं खोटं हसले. मग त्यांनी पटकन सोडलं."

हुशार आहे पोरगी. पुढे जाणार!

बुधवार, ९ एप्रिल

फोटोवाल्या बाईंचा फोन. एकशे चारच्या मापाचे कपडे आलेत, सोमवारी दोन तास काम, पैसे त्याच दिवशी, आईने सोबत थांबायचं. "उंची वाढली तर नाही ना?"

मी म्हणालो, आमचा दुसरीकडे करार झालाय, बाहेरचं काम घेता येत नाही. एजन्सीत तिने तसं बजावलं होतं. बाईंनी विचारलं, "पैसे भरलेत का तुम्ही त्यांच्याकडे?"

मी म्हणालो, तो आमचा प्रश्न आहे. फोन ठेवला. जळतात लोक.

ताईला हा फोन सांगितला नाही. उगीच तिचा गोंधळ.

गुरुवार, १७ एप्रिल

तिला विचारलं, काम कधी? "बघते." एकच शब्द. कामात असणार.

सोमवार, २८ एप्रिल

भिंगरीला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलची रेघ मारली. एकशे पाच. ताई म्हणाली, "दुकानात सगळ्या विचारतात, कधी दिसणार? मी सांगते, माझा भाऊ बघतोय." तिने काळजीने विचारलं असतं तर मी चिडलो असतो. तिने अभिमानाने सांगितलं.

आज एजन्सीतल्या तिला चार फोन केले. नवी जागा घेतायत म्हणाली होती मागे, त्या गडबडीत असेल. मोठ्या लोकांत वेळ लागतोच.

शनिवार, ३ मे

समोरच्या घरातल्या काकू आल्या. त्यांच्या नातवाला एका एजन्सीने बोलावलंय. "तुझ्या ताईने सांगितलं, तू एकाची कुंडी फोडलीस म्हणून. उद्या चल बाबा माझ्यासोबत. तू नुसता उभा राहिलास तरी मला धीर." ताई आतून म्हणाली, "घेऊन जा हो काकू, त्याच्याइतकं कोणाला कळत नाही त्यातलं."

इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. गल्लीत नाव झालं की!

रविवार, ४ मे

जिन्यात बसून लिहितोय.

पत्ता नवा, दारावरची पाटीही नवी. काकू पुढे गेल्या. मी दाराशी चप्पल काढत होतो. आतून आवाज आला, "फक्त आज भरा हं काकू, आजचा शेवटचा दिवस आहे." मान वर केली. केसांत पेन्सिल. तिच्या मागे भिंतीवर पिवळी छत्री, आणि तिच्या शेजारी लाल फ्रॉक, लाकडी होडी, खोटं खोटं हसू.

"ही बघा," ती मागे न बघता बोट करून म्हणाली, "आमच्याकडूनच गेली. आज मोठ्या जाहिरातीत आहे."

काकू हरखल्या. "अगंबाई, ही तर आपली भिंगरी! मग काय बघायचंच नाही." आणि माझ्याकडे हात केला. "पेन दे रे."

तेव्हा तिने मला पाहिलं. मी ओरडलो नाही. काउंटरच्या मागे गेलो, भिंगरीची फ्रेम खिळ्यावरून काढली. पेन खिशातच राहिलं. काकूंना म्हणालो, चला.

काकू खाली रिक्षा बघतायत. फ्रेम माझ्या मांडीवर आहे. दुपारी ताईची सुट्टी असते, दार तीच उघडेल.