पटाशीच्या खुणा

प्रिय दमू,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. ते शेवटी सांगते, आधी बाकीचं ऐक.

इथे लोअर हट गावात थंडी हाडांत मुरली आहे. मकरंद सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जातो, सूनबाई गार्गी तिच्या ऑफिसला, आणि मी घरात एकटी. म्हणून गार्गीनेच मला शेजारच्या मिचिकोकडे धाडलं. जपानी बाई, आपल्याच वयाची. लाकडावर नक्षी कोरून त्यावर रंगीत चीक चढवायला शिकवते. सावंतवाडीची लाखेची फळं आठवतात? चमक तशीच, पण ही लाख नव्हे, एका झाडाचा चीक. आधी काळा, मग तांबडा, थरावर थर. वर काळपट पूड चोळली की खाचा गडद राहतात आणि उंचवटे उजळतात. हातात घेतलं की लाकूड उबदार लागतं गं. पहिली वाटी मी उन्हात ठेवली, पापडासारखी! मिचिको धावत आली, “नो, नो, मृदुला-सान, शी लाइक्स रेन!” हा चीक म्हणे दमट हवेतच वाळतो, ओल्या फडक्यांच्या पेटीत. खूप हसलो होतो आम्ही.

आता ताट कोरलंय, मधोमध शेवंती. फुलाभोवतीची मोकळी जागा मिचिको घासू देत नाही. पटाशीचे घाव दिसायलाच हवेत, त्यांतच हाताची ओळख, असं तिचं म्हणणं. परवा ताट उजेडात धरलं आणि एकेक घाव निरखून पाहिला. डावीकडचे घाव बोटाच्या पेराएवढे. उजवीकडे जाता जाता बारीक, आणखी बारीक, शेवटी एकमेकांत अडकलेले, तिळासारखे. मी सगळे सारखेच मारत होते, दमू. मला तरी तसंच वाटत होतं. मिचिको म्हणाली, “ब्यूटिफुल! लाइक बर्ड्स फ्लाइंग अवे. डोन्ट टच.” तिने कौतुक केलं आणि मी आणखीच घाबरले. हल्ली हात मांडीवर ठेवला की उजवा अंगठा आपला आपण हलत असतो. मकरंद म्हणतो, “आई, विंटर आहे, ग्लव्ह्ज घाल. यू आर फाइन.” घातले. आत हलतोच.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट तुझी वही वर्गभर फिरवायच्या, इतकं टपोरं तुझं अक्षर. तुझ्या कंपवाताचं निदान होण्याआधीच्या दिवाळीत तुझं शुभेच्छापत्र आलं, त्यातलं अक्षर ओळीच्या शेवटाकडे मुंगीएवढं झालं होतं. आपण दोघी म्हणालो, चष्मा बदलायला झालाय.

म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच हाताने लिहिलेलं. मध्ये थांबले नाही, हाताला विसावा दिला नाही. मला सगळी अक्षरं सारखीच दिसताहेत, पण ताट कोरतानाही सारखंच वाटत होतं. डॉक्टरकडे जाण्याआधी, मकरंदला सांगण्याआधी, मला तुझ्याकडून ऐकायचंय. वरचं ‘प्रिय दमू’ बघ, आणि मग हे खालचं माझं नाव बघ. माझी समजूत घालू नकोस. फक्त खरं सांग.

तुझीच, दिसेल त्या अक्षरात,
मृदुला