‘खून’ची नोंद

दादा,

काल शब्दकोशाच्या प्रकाशनात ‘खून’ ही माझी नोंद तू स्वतःची म्हणून वाचलीस. ज्याने शब्दाचं मूळ शोधलं, त्यानेच ती उभं राहून वाचायची, हा आपल्या कचेरीतला रिवाज तुझाच. मी अर्धी उठलेही होते. वहिनीने हात धरून खाली बसवलं.

फारसीत खून म्हणजे मुळात रक्त. मारणं त्याला मागून चिकटलं. मी हे सांगितलं तेव्हा म्हणाला होतास, “वेडाबाई, आधी पुरावा आण.” आणला. टाळ्या तू घेतल्यास.

आईने विचारलं, “तू का नाही गं वाचलंस?” म्हटलं, “घसा बसलाय.” शेवटी रक्ताचं नातं.

हे पत्र पाठवणार नाही. तू हेही स्वतःचं म्हणून वाचून दाखवशील.

अजून तरी तुझीच,
धाकटी