खालच्या फळीवरच्या काचा

८ ऑक्टो. ६४, गुरुवार
सकाळपासून काच भाजायची भट्टी चालू. कुवेती शेठच्या खिडकीच्या शेवटच्या काचा आत, दोन फळ्यांवर. वर पाणी आणि मासे, खाली हात. मोती काढायला बुडी मारलेल्याची दोरी वर ओढणारे दोन हात. कारखान्याच्या मालकीण मॅडमनी आठवडाभर बसून रंगवले. दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, चेहरा नको, हात चालतील, असं शेठने आधीच सांगितलेलं. मॅडम म्हणाल्या, हातच तर कठीण असतात!

दुपारी मॅडम शेठकडे मापं घ्यायला गेल्या. "इस्माईल, भट्टी तुझ्या हवाली. रंग ओला झाल्यासारखा चकाकला की मगच बंद कर. घड्याळ बघू नकोस, काच बघ."

तीनला खोलीवरच्या हु.मामाचा निरोप. मुंबईची बोट शुवैख बंदराला लागली, आपल्या गावचा दाऊद तिच्यावर आहे, संध्याकाळीच पुढे बसऱ्याला निघणार. त्याच्याकडे माझ्या पोराचा फोटो. दहा महिन्यांचा झाला, अजून तोंड पाहिलं नाही मी त्याचं.

भट्टीच्या भोकातून पाहिलं. वरच्या काचा चकाकत होत्या. खालच्या नीट दिसेनात. खटका बंद केला नि पळालो.

फोटो मिळाला. कान थेट माझेच. बिचारा.

९ ऑक्टो., शुक्र.
फोटो खोलीभर फिरला. हु.मामा म्हणाला, "नाक आईचं आलंय. वाचला पोरगा." मामा रोज शिव्या घालतो, आज गोड शिरा केला.

भट्टीची आठवण येत होती. सुट्टी म्हणून गेलो नाही. खरं म्हणजे बघायलाच नको वाटत होतं.

१० ऑक्टो., शनि.
मॅडम यायच्या आत भट्टी उघडली. वरचं फर्स्टक्लास. खालचे हात मात्र मंद, चमक नाही. कोपऱ्यावर नख घासलं तर नखाला तपकिरी भुकटी. कच्चं राहिलं.

परत भाजलं असतं तर एक दिवस गेला असता, बस. पण मग विचारलं असतं, कच्चं का राहिलं रे? काय सांगणार होतो? मॅडम आल्या, मी वरच्या फळीवरची काच पुढे केली. त्यांनी अंगठ्याने घासून पाहिली. "सुंदर."

वहीत लिहिलं, भट्टी पाचला बंद. सव्वातीनला केली होती.

१७ ऑक्टो.
हातांच्या काचा शिशाच्या पट्ट्यांत मीच बसवल्या, कोणाला शिवू दिल्या नाहीत. शेवटी खडूची भुकटी टाकून ब्रशने घासायचं असतं. हातांवर ब्रश टेकवला नाही, मऊ कापडाने नुसतं झटकलं. मॅडम लांबून बघत होत्या. म्हणाल्या, "किती जपतोस!" मान वर करता येईना.

३१ ऑक्टो., शनि.
खिडकी चढली. दुपारचं ऊन आलं नि अख्खी दिवाणिया निळी झाली. शेठची जवानी मुंबईत व्यापारात गेली, हिंदी आपल्यापेक्षा झकास. खिडकीसमोर उभा राहून म्हणाला, "अरे भाई, ये तो मेरे बाप के हाथ हैं!" त्याचा बाप होडीवर अशीच दोरी ओढायचा. मॅडमना भरून आलं. परत येताना गाडीत म्हणाल्या, चाळीस वर्षं काच रंगवतेय, असं कोणी बोललं नव्हतं.

मीही हसलो. निर्लज्ज.

२१ नोव्हें., शनि.
शेठचा माणूस बोलवायला आला, तेव्हाच ओळखलं.

धूळ फार म्हणून नोकर रोज ओल्या फडक्याने खिडकी पुसतो. बोटं गेली. नखं, पेरं, शिरा, काही नाही. पाणी, मासे जसेच्या तसे आणि मधोमध नुसती पिवळी कोरी काच. शेठ ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, "मॅडम, ये क्या हुआ?"

मॅडम खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी. या काचांचा रंग मी वेगळा कालवला होता. वजन चुकलं असणार. तराजूचे आकडे मला हल्ली नीट दिसत नाहीत."

मी बाजूलाच, शिडी धरून उभा.

२३ नोव्हें.
मॅडम तोच रंग परत कालवून बघतात. "आकडे तू वाच," म्हणाल्या. वाचले. वजन बरोबर. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. "मग त्या दिवशीच माझं चुकलं," असं म्हणून चष्मा पुसत बसल्या. साठी उलटलेली बाई, परमुलखात एकटी. आणि मी तिला आकडे वाचून दाखवतो!

२६ नोव्हें.
मॅडमनी पत्र दिलं पोस्टात टाकायला. डेन्मार्कला, त्यांच्या देशाला. त्यांच्या गावच्या चर्चची मोठी खिडकी त्यांना करायची आहे. आईबाप त्याच चर्चच्या आवारात पुरलेत. दोन वर्षं त्याचीच चित्रं काढताहेत, भिंतभर लावलीत. पत्रात नकार कळवलाय. म्हणाल्या, "तीन आठवड्यांत पुसलं जाईल असं काम मी तिथे लावू? दुसरा कोणी करेल." भिंतीवरची चित्रंही उतरवायला घेतली. टाचण्या मी धरल्या.

बस पोस्टावरून गेली. उतरलो नाही. पत्र खिशातच.

२७ नोव्हें., शुक्र.
मामाला सगळं सांगितलं. भाजी चिरता चिरता थांबला.

"मग बोल ना जाऊन. बाई काय खाणार आहे तुला?"

"काढून टाकतील. इथे राहायचा इकामा त्यांच्या नावावर आहे, मामा. सरळ गावचा रस्ता."

"तुझं जाईल ते दिसतंय तुला. तिचं काय चाललंय ते नाही दिसत?"

जुम्म्याच्या नमाजला उभा राहिलो, लक्ष नाही. अल्लाला माहीतच आहे, त्याला काय सांगायचं? सांगायचंय ते मॅडमना.

३० नोव्हें., सोम.
"पत्र टाकलंस?"
"हो."

आता वहीतल्या खोट्यावर हे दुसरं खोटं. वर मॅडमनी दाखला हातात ठेवला. कारखाना बंद करायचं मनात आहे, मग तुला दुसरीकडे काम मिळायला हवं, म्हणाल्या. इंग्रजीत टाईप केलाय. भट्टीच्या कामात पूर्ण भरवशाचा माणूस. थँक्यू म्हणालो. थँक्यू! जीभ झडली नाही माझी.

१ डिसें.
आज सांगणारच होतो. चहाच्या वेळी तोंड उघडलं, त्यांनी वर पाहिलं, मी म्हणालो शिसं संपत आलंय.

३ डिसें., गुरु.
सांगितलं.

सकाळी आत गेल्या गेल्या, टोपी न काढता. बोट, फोटो, सव्वातीन, खालची फळी, वहीतला खोटा आकडा. उभ्यानेच. इंग्रजी अडली तिथे हिंदीत, हिंदी अडली तिथे आपल्या भाषेत. मॅडमना समजलं. पत्र टेबलावर ठेवलं, घड्या पडून चुरगळलेलं.

ओरडल्या नाहीत. एकच विचारलं, "शनिवारी भट्टी उघडलीस तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "दोन आठवडे झाले, मी एक डोळा झाकून बघते, मग दुसरा. रोज सकाळी. कुठला गेला ते कळायला. आणि तू समोर बसून आकडे वाचत होतास."

माफ करा म्हणायला गेलो. त्यांनी हात वर केला.

पत्राला हात लावला नाही त्यांनी. पाठवणार की फाडणार, कळलं नाही. उद्या सुट्टी, शनिवारी ये असं म्हणाल्या नाहीत, येऊ नकोस असंही नाही. दाखला परत द्यायला काढला, तर मान फिरवली. तोही टेबलावरच ठेवून आलो.

मामाने जेवायला वाढलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. कुठलं काय.

शनिवारी सातला जाऊन दारात उभा राहणार. हाकललं तर हाकललं. भट्टीसमोर नाही बसवलं तरी चालेल, पण शेठच्या दिवाणियात जाऊन मी माझ्या तोंडाने सांगेन, हात मॅडमचे बरोबर होते, भट्टी मी आधीच बंद केली.